नवशिक्या नटासाठी पहिले धडे



आपल्या मंडळींत नाटकाचा विषय निघाला की अलीकडे एकच प्रश्न पुढे येतो. तरुण मुलांना मराठी नीट येत नाही, तेव्हा यापुढे नाटक हिब्रूतच का करू नये? ज्येष्ठ मंडळी नाराज होतात, तरुण गप्प बसतात आणि बैठक चहावर संपते. मी निवृत्त शिक्षक. भांडण सोडविणे हे माझे काम नव्हे, पण धडा शिकविणे हे आयुष्यभर केले आहे. माझे म्हणणे असे की, आपल्या मुलांचे पाय अडतात ते केवळ मराठीमुळे नव्हे. अभिनय म्हणजे काय आणि त्याची सुरुवात कोठून करावयाची, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. हातात कागद दिला जातो, "पाठ कर" म्हटले जाते आणि पंधरा दिवसांनी त्यांना रंगमंचावर उभे केले जाते. मग हातांचे काय करावे ते समजत नाही, आवाज चौथ्या रांगेपुढे जात नाही, आणि दोष मात्र भाषेच्या माथी बसतो. नाचता येईना अंगण वाकडे, तशातला हा प्रकार.

म्हणून ज्याने अद्याप तोंडाला रंग लावलेला नाही अशा माणसासाठी हे प्राथमिक धडे लिहीत आहे. मग तो सोळा वर्षांचा असो वा साठ वर्षांचा. उदाहरणासाठी एकच प्रसंग घेऊ, म्हणजे नवीन गोष्ट समजावून सांगण्यात वेळ जाणार नाही. आपले वाडवडील कोकणात ज्याला होळीचा सण म्हणत, त्या पुरीमच्या कथेत एस्तेर राणी बोलावणे नसताना राजासमोर जाऊन उभी राहते. हा प्रसंग लहान मुलांपासून आजीपर्यंत सर्वांना ठाऊक आहे आणि आपल्या मुलांच्या वाट्याला बहुधा हेच नाटक प्रथम येते.

पाठ पहिला : अभिनय म्हणजे काय?

'अभि' म्हणजे 'कडे' आणि 'नी' म्हणजे 'नेणे'. नाटकातील अर्थ प्रेक्षकाकडे नेऊन पोहोचविणे, तो अभिनय. शब्दातच कामाची व्याख्या आहे. नट रडला की नाही हा मुख्य प्रश्न नव्हे. अर्थ शेवटच्या खुर्चीवर बसलेल्या माणसापर्यंत पोहोचला की नाही, हा प्रश्न आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. अंगाच्या हालचालींनी होतो तो आंगिक. वाणीने होतो तो वाचिक. वेष, दागिने, रंगभूषा यांनी होतो तो आहार्य. आणि मनाच्या अवस्थेमुळे अंगावर जे आपोआप उमटते, म्हणजे डोळ्यांत पाणी येणे, आवाज दाटणे, अंगावर काटा येणे, तो सात्त्विक.

आपल्याकडे चूक होते ती क्रमात. आपण आहार्यापासून सुरुवात करतो. मुकुट कोण करणार, दाढी कोठून आणावयाची, राणीला साडी नेसवावी की झगा घालावा, यावर तीन बैठका होतात आणि वाचिकावर एकही होत नाही. दुसरी चूक म्हणजे सात्त्विकाच्या मागे धावणे. डोळ्यांत पाणी आणावयाचे असे ठरवून ते येत नसते. ते हुकमाचे ताबेदार नाही. ते कशाच्या मागोमाग येते, ते पुढील पाठात पाहू.

पाठ दुसरा : पाच प्रश्न

रशियातील थोर नट व दिग्दर्शक कॉन्स्टांटिन स्टानिस्लाव्स्की (१८६३-१९३८) यांनी १८९८ साली एका सहकाऱ्याबरोबर मॉस्को आर्ट थिएटर स्थापन केले आणि नटाच्या शिक्षणाची एक पद्धत घडविली. त्यांच्या शिकवणीतील एक गोष्ट नवशिक्याला पुरे आहे. "मी दुःखी कसा दिसेन?" असे नटाने विचारू नये. "मी जर या माणसाच्या जागी असतो तर काय केले असते?" असे विचारावे. या 'जर'मध्ये सारी किल्ली आहे. त्यासाठी पाच प्रश्न लिहून काढावेत. एस्तेरची भूमिका करणाऱ्या मुलीने ते असे लिहावेत :

१. मी कोण? आईबाप नसलेली, चुलतभाऊ मोर्देखायने वाढविलेली मुलगी. आज राणी आहे, पण माझे कूळ कोणते हे राजवाड्यात ठाऊक नाही.

२. मी कोठे आहे? राजाच्या आतल्या चौकात, दिवाणखान्यासमोर. राजा सिंहासनावर, माझ्यापासून दूर बसला आहे.

३. याच्या आधी काय घडले? तीन दिवस मी अन्नपाणी घेतलेले नाही. तीस दिवस राजाने मला बोलावलेले नाही. आज मी राजवस्त्रे नेसून आले आहे.

४. मला काय हवे? माझ्या लोकांचे प्राण.

५. आड काय येते? कायदा. न बोलाविता जो आत येईल त्याला मृत्यू. राजाने सोन्याचा राजदंड पुढे केला तरच जीव वाचेल.

ही उत्तरे मनाशी पक्की असली की मुलीला 'घाबरल्याचा अभिनय' करावा लागत नाही. तीन दिवसांच्या उपासाने पाय जड झालेले आहेत, तरी राणीसारखे चालावयाचे आहे. एवढे एकच काम तिने केले तरी प्रेक्षक श्वास रोखून धरतात. दंड पुढे येईपर्यंत तिने राजाच्या हाताकडे पाहावे, चेहऱ्याकडे नव्हे. तिचा जीव त्या हातात आहे.

येथे आणखी एक गोष्ट शिकावयाची आहे. राजा विचारतो, काय हवे, अर्धे राज्य मागितलेस तरी देईन. आणि एस्तेर काय मागते? राजाने व हामानाने आज मेजवानीला यावे! प्राणांचा प्रश्न असताना ती जेवणाचे आमंत्रण देते. ओठांवर एक, मनात दुसरे. नाटकातील उत्तम संवाद बहुधा असेच असतात. ते वाक्य रडव्या सुरात म्हटले तर प्रसंग बुडाला. ते हसतमुखाने, घरची गृहिणी पाहुण्याला जेवायला बोलाविते तसे म्हणावयाचे. आत काय चालले आहे ते प्रेक्षकाला ठाऊक आहे. आपण त्याला पुन्हा सांगावयास नको.

म्हणून आपल्या कागदावर प्रत्येक वाक्यासमोर एक क्रियापद लिहावे. 'दुःखाने', 'रागाने' असे शब्द लिहू नयेत. त्यांनी नट फक्त तोंड वेडेवाकडे करतो. 'विनविते', 'वेळ काढते', 'खूश करते', 'परीक्षा घेते' असे लिहावे. क्रियापद हे करता येते. भावना ही करता येत नाही, ती करण्याच्या मागोमाग येते.

हामान करणाऱ्या मुलांसाठी दोन शब्द. हामान आला की सभागृहात खुळखुळे वाजतातच, तेव्हा त्याने आणखी गुरगुरण्याची गरज नाही. हामान स्वतःला दुष्ट समजत नाही. मोर्देखाय आपल्यापुढे वाकत नाही हा आपला घोर अपमान झाला, असे त्याला मनापासून वाटते. आणि राणीच्या पहिल्या मेजवानीहून तो आनंदात बाहेर पडतो. तो आनंद खरा दाखवा. जो माणूस स्वतःच्या पायाखालचा खड्डा न पाहता शीळ घालीत चालतो, त्याला पाहून प्रेक्षकाला अधिक मजा येते आणि अधिक भीतीही वाटते.

पाठ तिसरा : श्वास आणि आवाज

ओरडणे म्हणजे मोठा आवाज नव्हे. ओरडल्याने घसा बसतो आणि शब्द फाटतात. आवाजाचे बळ श्वासात आहे.

जमिनीवर उताणे निजा. पोटावर एक जाडसे पुस्तक ठेवा. श्वास घेताना पुस्तक वर गेले पाहिजे, छाती व खांदे नव्हेत. मग 'स्स्स' असा आवाज करीत श्वास सावकाश सोडा. पुस्तक हळूहळू खाली आले पाहिजे. रोज पाच मिनिटे हे करून नंतर उभे राहून तसाच श्वास घ्या आणि एका श्वासात एक ते वीस मोठ्याने मोजा. वीसचा उच्चार एकच्या इतकाच ठसठशीत हवा. घसा दुखू लागला तर थांबा. आपण श्वासाऐवजी घशाने काम करीत आहोत, असे समजावे.

आता मराठीतील एक खास गोष्ट, आणि येथे वाढलेल्या मुलांसाठी ती फार महत्त्वाची आहे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार तर त्याच्याही शेवटी येतो. "मी राजासमोर जाणार नाही." हिब्रूत 'लो' आधी येते, क्रियापद मागून. त्यामुळे हिब्रू बोलणाऱ्याने वाक्याचा शेवट सैल सोडला तरी नकार ऐकू आलेला असतो. मराठीत मात्र शेवट गिळला की 'नाही' गेले आणि राणी जाणार की न जाणार, हेच मागच्या रांगेला कळत नाही. तेव्हा नियम करा : वाक्याच्या शेवटच्या शब्दापुरता श्वास राखून ठेवावयाचा. दोरीवर कपडे वाळत घालताना शेवटच्या कपड्यासाठीही चिमटा शिल्लक ठेवतो ना, तसे.

पाठ चौथा : उच्चार

आपल्या अनेक मुलांना देवनागरी वाचता येत नाही. ती आपले संवाद हिब्रू अक्षरांत लिहून घेतात. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. परंतु हिब्रू अक्षरांत काही मराठी ध्वनी मावत नाहीत, त्यांवर खुणा कराव्यात.

'ल' आणि 'ळ' दोन्हींना लामेद लिहिले जाते. "काल आला" म्हणजे यस्टरडे आला आणि "काळ आला" म्हणजे यमदूत आला. एवढ्या फरकाने गंभीर प्रसंगात हशा पिकतो. 'ळ' असेल तेथे लामेदखाली एक टिंब द्यावे. 'त' आणि 'ट' यांच्यासाठी ताव आणि तेत अशी वाटणी करून टाकावी आणि ती सर्व नाटकभर पाळावी. 'त'साठी जीभ दातांना लागते, 'ट'साठी ती वर टाळूकडे वळते. 'द' व 'ड', 'न' व 'ण' यांचेही तेच.

'ख' घशात खरवडून म्हणू नये. तो 'क'बरोबर सोडलेला श्वास आहे. तळहात तोंडासमोर धरा; 'क' म्हणताना हाताला वारा लागत नाही, 'ख' म्हणताना लागतो. 'थ', 'ठ', 'फ' यांची परीक्षाही अशीच घ्यावी. 'घ', 'ध', 'भ' यांना अधिक सराव लागतो. "घर", "धान्य", "भाऊ" असे सोपे शब्द घेऊन आजीच्या तोंडाकडे पाहत ते म्हणावेत. 'र' घशातून न काढता जिभेच्या टोकाने काढावा.

एका बाबतीत मात्र आपली मुले मुंबईच्या मराठी शिकणाऱ्या परप्रांतीयांपेक्षा पुढे आहेत. मराठीत 'च' दोन प्रकारचा. "चिमणी"तला वेगळा आणि "चाक", "चूल" यांतला वेगळा. हा दुसरा 'च' म्हणजे जवळजवळ आपला त्सादीच. तो त्यांना आयता मिळालेला आहे!

उच्चार शिकविताना ज्येष्ठांनी एक पथ्य पाळावे. मूल चुकले की हसू नये. पंधरा वर्षांच्या मुलीला एकदा चारचौघांत हसलात तर ती पुढील तालमीला येत नाही, आणि तिच्याबरोबर तिच्या दोन मैत्रिणीही येत नाहीत. मग नाटक हिब्रूत करावे की मराठीत, हा प्रश्न आपोआपच सुटतो. चूक ऐकली की फक्त योग्य शब्द सावकाश म्हणून दाखवावा आणि पुढे जावे.

पाठ पाचवा : ऐकणे

नवशिक्या नट स्वतःचे वाक्य झाले की विझतो आणि पुढचे वाक्य यायची वाट पाहत उभा राहतो. त्याचे डोळे रिकामे होतात, ओठ पुढचे शब्द पुटपुटू लागतात. प्रेक्षकाच्या हे तत्काळ ध्यानात येते. बोलणे हा अभिनयाचा अर्धा भाग. ऐकणे हा उरलेला अर्धा.

यासाठी एक खेळ सांगतो. दोघांनी समोरासमोर बसावे. पहिल्याने एक साधे वाक्य म्हणावे, "तू आज उशिरा आलास." दुसऱ्याने तेच वाक्य आपल्या बाजूने म्हणावे, "मी आज उशिरा आलो." पुन्हा पहिल्याने, पुन्हा दुसऱ्याने. शब्द बदलावयाचे नाहीत. दहा वेळा झाले की स्वर आपोआप बदलू लागतो. कधी थट्टा येते, कधी चीड येते, कारण समोरचा जसे म्हणतो तसे उत्तर आपल्याकडून निघते. हेच ऐकणे. नाटकात शब्द ठरलेले असतात, पण ते कसे निघावयाचे हे समोरच्या माणसावर सोडावयाचे असते.

याच खेळाने मराठी कच्ची असणाऱ्याचाही फायदा होतो. ज्याचे लक्ष समोरच्याच्या शेवटच्या शब्दावर असते, त्याला आपले वाक्य केव्हा म्हणावयाचे हे सांगण्यासाठी विंगेतून कोणाला हात हलवावे लागत नाहीत.

पाठ सहावा : हात, पाय आणि नजर

हातांचे काय करावे? उत्तर सोपे आहे : हातांना काम द्यावे. घरातील प्रसंग असेल तर तांदूळ निवडा, कपड्यांच्या घड्या घाला, चहा गाळा. काम खरे असले की अंग सैल होते. मात्र ज्या वाक्यावर प्रसंग उभा आहे, त्या वाक्याला काम थांबवावे. हात थांबला की प्रेक्षकाचे कान टवकारतात.

घरी सराव म्हणून सुई-दोरा नसताना सुईत दोरा ओवून पाहा. दोऱ्याचे टोक ओले करा, सुईचे नेढे उजेडाकडे धरा, पहिल्यांदा चुकू द्या, दुसऱ्यांदा ओवा, गाठ मारा. घाई केलीत तर खोटे दिसेल. प्रत्येक लहान कृती पूर्ण केलीत तर समोरच्याला दोरा दिसू लागेल.

उभे राहताना दोन्ही पायांवर सारखा भार द्यावा, झुलू नये. दुसऱ्याशी बोलताना अगदी त्याच्याकडे तोंड करून उभे राहिलात तर अर्ध्या सभागृहाला तुमचा कानच दिसेल. थोडे तिरपे उभे राहावे. दुसऱ्या नटाला झाकू नये. कारणाशिवाय पाऊल उचलू नये. आणि प्रेक्षक हसले तर हशा ओसरू लागेपर्यंत थांबावे, मग बोलावे. हशावर बोललेले वाक्य फुकट जाते.

पाठ सातवा : अति तेथे माती

दारुड्याची भूमिका मिळाली की आपला हौशी नट झोकांड्या खाऊ लागतो. खऱ्या दारुड्याकडे पाहा. तो सरळ चालण्याचा जीव तोडून प्रयत्न करतो आणि ते त्याला जमत नाही. प्रयत्न दाखवावा, मग झोकांडी आपोआप येते. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' (१९१९) नाटकातील सुधाकर करू इच्छिणाऱ्याने हे पहिले लक्षात ठेवावे. दुःखाचेही तेच. खरा माणूस अश्रू आवरण्याची धडपड करीत असतो. म्हातारा करताना मान थरथरवू नये; म्हातारा माणूस बसण्यापूर्वी खुर्ची कोठे आहे ते पाहतो, हात टेकतो, मग बसतो. तेवढे पुरे.

नाटकांत किती थोडक्या साधनांनी माणूस बदलता येतो, हे ज्यांनी प्रभाकर पणशीकरांचे 'तो मी नव्हेच' पाहिले त्यांना सांगावयास नको. १९६२ साली रंगभूमीवर आलेल्या अत्र्यांच्या या नाटकात त्यांनी एकाच माणसाची पाच सोंगे उभी केली. वेष बदलत असे हे खरे, पण चाल, बोलण्याची गती आणि भाषेचा हेलही दर वेळी निराळा असे. डॉ. श्रीराम लागू (१९२७-२०१९) हे तर पेशाने कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक. त्यांनी १९७० साली 'नटसम्राट' उभे केले. अभिनय हा अभ्यासाने वाढविता येतो आणि दुसरा व्यवसाय करूनही त्याचा पाया घालता येतो, हे आपण त्यांच्यापासून घ्यावे.

आपल्याही घरात ही विद्या नवखी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या लोकांनी मराठी कीर्तनाचा साचा घेऊन त्यात तोराहमधील कथा रंगविल्या. १९३१ साली आलेला पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' ज्यांच्या नाटकावरून घेतला, ते जोसेफ डेव्हिड पेणकर आपल्यापैकीच. 'बूट पॉलिश' (१९५४) मधील जॉन चाचा करणारे डेव्हिड अब्राहम चेऊलकर हेही आपलेच. त्या भूमिकेत त्यांचा डोळा पाहावा. ते समोरच्या मुलांचे बोलणे खरोखर ऐकत असतात. आपला पाचवा पाठ तेथे दिसतो.

पाठ आठवा : पाठांतर आणि भीती

संवाद सुरात पाठ करू नयेत. शाळेतील कवितेसारखी चाल एकदा बसली की ती निघता निघत नाही. प्रथम अर्थ समजून घ्यावा. ज्याला मराठी कमी येते त्याने प्रत्येक वाक्य हिब्रूत आपल्या शब्दांत म्हणून पाहावे, मग मराठीत म्हणावे. समजल्याशिवाय पाठ केलेला शब्द भीतीच्या क्षणी सर्वांत आधी पळतो. दुसरे, वाक्य हालचालीबरोबर पाठ करावे. "दाराकडे जाताना हे म्हणते" असे अंगाला ठाऊक झाले की अंगच आठवण करून देते. तिसरे, घरातील मोठ्या माणसाच्या आवाजात संवाद मोबाईलवर मुद्रित करून घ्यावेत आणि बसमध्ये ऐकावेत. मात्र त्या स्वराची नक्कल करू नये, उच्चार तेवढे घ्यावेत.

प्रवेश करण्यापूर्वी छाती धडधडणारच. ती मुरलेल्या नटांचीही धडधडते. विंगेत उभे राहून श्वास सावकाश, लांब सोडावा आणि एकच प्रश्न मनाशी विचारावा : मी आत कशासाठी चाललो आहे? "मी चांगला दिसेन ना?" हा प्रश्न भीती वाढवितो, "मला राजाकडून काय हवे?" हा प्रश्न ती कमी करतो, कारण मन स्वतःवरून उठून कामावर जाते. वाक्य विसरलेच तर प्रेक्षकांची क्षमा मागू नये, जीभ चावू नये. समोरच्याकडे पाहावे आणि जे हवे आहे ते आपल्या साध्या शब्दांत मागावे. नाटकाचा कागद प्रेक्षकांच्या हातात नसतो.

शेवटी, त्या पहिल्या प्रश्नाकडे वळू

नाटक हिब्रूत की मराठीत? मी एक इतिहास सांगतो. हबीमा ही नाटक मंडळी आज तेल अवीवला आहे आणि १९५८ पासून तिला राष्ट्रीय नाट्यगृहाचा मान आहे. तिची सुरुवात मात्र १९१७ साली मॉस्कोत झाली. स्टानिस्लाव्स्कींनी तिला आधार दिला आणि आपले शिष्य वाख्तान्गोव्ह यांना शिकविण्यास पाठविले. ३१ जानेवारी १९२२ रोजी त्यांनी अन्स्कींचे 'दिब्बुक' हिब्रूत रंगमंचावर आणले. पुढे लेआच्या भूमिकेने हाना रोविना हे नाव सर्वतोमुखी झाले. विचार करा, मॉस्कोत हिब्रू समजणारे प्रेक्षक असे कितीसे असणार? तरीही ते नाटक गाजले. त्या नटांनी भाषा सोडली नाही. त्यांनी अंग, आवाज, नजर आणि तालीम यांवर अशी मेहनत घेतली की भाषा न समजणाऱ्यालाही नाटक समजले.

मराठी कमी समजणाऱ्या नातवंडांसमोर मराठी नाटक करता येणार नाही असे म्हणणाऱ्यांना माझे हेच उत्तर आहे. करता येईल, पण आळसाने करता येणार नाही. नाटक मराठीतच असावे, आधी हिब्रूत दोन मिनिटे कथा सांगावी, आणि नटांनी इतके स्पष्ट काम करावे की नातवाने आजीला "ती काय म्हणाली?" असे विचारण्यापूर्वीच त्याला ते अर्धे समजलेले असावे. उरलेले अर्धे आजी सांगेल. तेवढ्यासाठी तरी त्या दोघांनी एका रांगेत बसून एकच गोष्ट पाहिली पाहिजे. आज सभागृहात मराठी पूर्ण समजणारी पिढी बसलेली आहे, उच्चार सांगणारी माणसे आपल्याजवळ आहेत. आणखी वीस वर्षांनी हिब्रूत नाटक करणारे पुष्कळ असतील. 'ळ' शिकविणारी आजी मात्र मिळणार नाही. म्हणून घाई आहे.

प्रत्येक तालमीला एक तरुण आणि एक ज्येष्ठ अशी जोडी लावावी. ज्येष्ठाने उच्चार द्यावेत, तरुणाने अंगातील चपळाई द्यावी. ज्याला रंगमंचावर यावयाचे नाही, त्याने प्रॉम्प्टर व्हावे. तेही नाटकच आहे.

स्वाध्याय (पहिल्या तालमीपूर्वी)

१. पोटावर पुस्तक ठेवून रोज पाच मिनिटे श्वास. नंतर एका श्वासात वीसपर्यंत मोजणी.

२. "काल-काळ", "वेल-वेळ" या जोड्या आजीसमोर दहा वेळा म्हणणे. आजीने डोळे मिटून ऐकावे आणि कोणता शब्द आला ते सांगावे.

३. नकाराची पाच मराठी वाक्ये मतनासच्या सभागृहात एका टोकाहून म्हणणे. दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्याने 'नाही' ऐकू आले तरच हात वर करावा.

४. आपल्या भूमिकेची पाच उत्तरे एका कागदावर, हव्या त्या लिपीत, लिहून आणणे.

५. सुई-दोऱ्याशिवाय सुईत दोरा ओवणे. घरच्यांना काय दिसले ते विचारणे.

एवढे करून या. मुकुट आणि दाढीचे नंतर पाहू.